आईचं लॅक्टेट आणि दादाच्या खिशातली पुडी

आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी सात वाजता खोटं बोलायची शर्यत लागते. मी सुई हातात घेऊन विचारते, "उपाशीपोटी आलात ना?" समोरचा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "व्हय ताई, कालपासनं पोटात अन्नाचा कण न्हाय." मग मी विचारते, चहा? "चहा तर पेलो की. चहानं काय हुतंय?" चहाबरोबर काही? "दोनच बिस्किटं." कळंबमध्ये मी एकोणीस वर्षं लोकांची रक्तं काढतेय. समोरच्यानं रागावू नये म्हणून माणसं खोटं बोलतात, आणि नेमकी जिथं बोलू नये तिथंच बोलतात. माझ्या घरात तरी हे कळलेलं असेल, असा माझा समज होता.

तो समज गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनात गेला. लिहायला बसताना वाटलं होतं, एवढ्या दिवसांत राग निवला असेल. निवलेला नाही.

आई एकसष्ट वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात तिची वीस वर्षं गेली. खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरवताना तिला दम लागायला लागला तेव्हा आम्ही म्हणालो, वय झालं. मग दोन जिने चढल्यावर दम, मग अंथरुणावर आडवं झाल्यावर दम. धाराशिवला नेऊन हृदयाची सोनोग्राफी केली तर डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह पार अरुंद झालाय, बदलावा लागेल. लहानपणी सांधे सुजायचे का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "सुजायचे की. माय बिब्बा लावायची." त्या वेळच्या तापानंच व्हॉल्व्ह खराब केला होता, आणि आम्हाला पन्नास वर्षांनी कळलं.

ऑपरेशन सोलापूरला, सरकारी योजनेतून. तारीख मिळाली. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, शाळेतून रजा काढली. तो एका हायस्कूलात क्लार्क आहे. आम्ही पिशव्या भरून गेलो, आई भरती झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची साखर बघून त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. एवढ्या साखरेत छाती उघडली तर जखम भरायची नाही, म्हणाले. शिवाय तिची किडनी थोडी मंद चालत होती, म्हणून साखरेच्या गोळ्या बंद करून त्यांनी इन्सुलिन लिहून दिलं. तीन महिने घ्या, साखर खाली आणा, मग या.

आम्ही परत आलो. आता ही गोष्ट साधी होती. पण आमच्या गल्लीत ऑपरेशनला गेलेलं माणूस ऑपरेशन न करता परत येणं म्हणजे वरात नवरीविना परत यावी तसं. भेटायला बायका आल्या, कुणी डाळिंबं आणली, कुणी अंगारा आणला, आणि आई ओट्यावर लसूण निवडत बसलेली. "का हो, झालं न्हाय का?" हे दादाला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागलं. शाळेतही विचारायचे. त्याला ते लागलं. आईला दम लागत होता आणि दादाला लाज वाटत होती, आणि त्या लाजेवर त्याला औषध हवं होतं. हे मी रागानं लिहितेय, हे मला माहीत आहे. तो आईसाठीही घाबरलेला होता. पण तेव्हा तो घाबरलाय असं दिसत नव्हतं, चिडलाय असं दिसत होतं.

इन्सुलिनचं आमच्याकडं एक ठरलेलं आहे. "एकदा सुई लागली की सरणापस्तोर सुटत न्हाय." शिकलेलेही हेच म्हणतात. म्हणून मी स्वतः दादाच्या घरी गेले, वहिनीला समोर बसवलं, पोटावरची चिमूट कशी धरायची, सुई कशी टोचायची, बाटली फ्रिजमध्ये कुठं ठेवायची, सगळं दाखवलं. वहिनी मान हलवत होती. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. दादा म्हणाला, "तू काळजी करू नको, म्या बघतो." मी चहा पिऊन माझ्या घरी गेले आणि एक काम हातावेगळं झालं असं समजले. मी इतकी शहाणी.

तीन महिन्यांनी आईचं रक्त मीच काढलं, मीच तपासलं. उपाशीपोटीची साखर एकशे आठ. तीन महिन्यांची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात, दहाच्या वर होती ती सातच्या खाली. मला इतका आनंद झाला की मी लॅबमधल्या सगळ्यांना तो रिपोर्ट दाखवला. खाली टेक्निशियन म्हणून सही केली आणि दोन प्रती काढल्या. साखर साडेतीनशे आली असती तर मी नमुना परत लावला असता, मशीन तपासलं असतं, आईला उलटसुलट विचारलं असतं. एकशे आठला मी काहीच विचारलं नाही. इन्सुलिनच्या रिकाम्या बाटल्या कुठायत, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

सोलापूरला डॉक्टरही खूश झाले. "छान! इन्सुलिन नियमित चालू आहे ना?" त्यांनी आईला विचारलं. आईनं पदर नीट केला. उत्तर दादानं दिलं, "हो साहेब, आपण लिहून दिल्याप्रमाणे." दुसरं काही औषध? "नाही साहेब." दादाची ही कार्यालयातली भाषा. साहेबानं विचारावं तेवढंच सांगायचं, जादा कागद जोडला की जादा शेरा येतो, असं तो आम्हाला लहानपणापासून ऐकवत आलाय. या शिस्तीवर त्याची सबंध नोकरी निभावली. मी शेजारी उभी होते. आईला विचारलेलं आईलाच सांगू दे, असं मला तेव्हा वाटलंही नाही, कारण आमच्या घरात बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जवळ उभा असलेला बाप्याच देतो. इतकी सवय होती की ते ऐकूही येत नव्हतं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. दुपारी दोनच्या सुमारास सर्जन बाहेर आले, व्हॉल्व्ह चांगला बसला म्हणाले. दादानं त्यांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, ते मागं सरकले. मग आम्ही आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर बसलो. संध्याकाळी एक चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई नातेवाइकांना आकडे सांगायला आल्या. मी लॅबमध्ये काम करते हे कळल्यावर त्या माझ्याशी जरा मोकळं बोलायला लागल्या. रक्तदाब ठीक, श्वास अजून मशीनवर, लॅक्टेट चार.

लॅक्टेटची तपासणी आमच्या लॅबमध्ये होत नाही, पण शिकताना वाचलेलं होतं. शरीराला प्राणवायू कमी पडला की पेशी अन्न अर्धवट जाळतात, आणि मागं लॅक्टेट उरतं. ओलं लाकूड चुलीत घातलं की जाळापेक्षा धूर जास्त, तसं. धडधाकट माणसात ते दोनच्या आत असतं. हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवलं की थोडं वाढतंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय नीट चाललं की लिव्हर आणि किडनी ते साफ करतात, उद्यापर्यंत उतरेल. मी दादाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "चार म्हंजे शंभरपैकी का?" मला हसू आलं. ते हसू मला अजून टोचतं.

सकाळी ते सात पूर्णांक आठ झालं होतं. लघवी कमी झाली होती. दहाला नऊ. साडेअकराला दहा पूर्णांक चार.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत एका खोलीत बोलावलं. त्या शांतपणे बोलत होत्या. म्हणाल्या, "मला हे कोडं सुटत नाहीये. हृदय चांगलं चाललंय, मी स्वतः पाहिलंय. रक्तदाब ठीक आहे, हातपाय गरम आहेत. म्हणजे रक्त सगळीकडं पोचतंय असं दिसतंय. तरी लॅक्टेट चढतंय. अशा वेळी मोठी भीती असते ती आतड्याची. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला असेल तर बाहेरून लवकर कळत नाही. पोटाचे सर्जन येतायत. कदाचित पोट उघडून बघावं लागेल."

"काल छाती उघडली, आज पोट?" मी म्हणाले.

"हो. आणि ते त्यांना सोसेल याची खात्री मी देत नाही. पण आतडं सडत असेल आणि आपण वाट बघितली तर हातात काहीच उरणार नाही." मग त्यांनी विचारलं, "मला परत एकदा सांगा. इन्सुलिनशिवाय साखरेची एखादी गोळी? जुनी? चुकून घेतलेली? काही गोळ्या अशा असतात की किडनी मंदावली की त्या अंगात साठतात आणि लॅक्टेट वाढवतात."

एवढं स्पष्ट विचारलं. मी दादाकडं पाहिलं, तो खाली फरशीकडं बघत होता. म्हणाला, "नाही मॅडम. कुठलीही गोळी नाही."

"इन्सुलिन किती युनिट चालू होतं? सकाळी किती, संध्याकाळी किती?"

दादाला ते सांगता येईना. मी म्हणाले, वहिनी टोचायच्या, त्यांना विचारते. आणि फोन घेऊन बाहेर आले. मागं दादापुढं नर्सनं पोटाच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद ठेवला होता.

"वहिनी, आईला सुई किती युनिटची द्यायचात तुम्ही? डॉक्टर विचारतायत, लगेच सांगा."

तिकडं टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"वहिनी?"

"ताई," वहिनी म्हणाली, "इंजेक्शनं फ्रिजमदीच हायत. सील बी काडलेलं न्हाय."

मी विचारलं, मग साखर कशी उतरली? वहिनी रडायला लागली. "तुमी मला कायबी म्हना. त्येंनी आन घातली व्हती. येडशीकडच्या बाजारात एकजन पुडी देतो. रामलिंगाच्या रानातल्या मुळ्या हायत म्हनतो. सकाळ-संध्याकाळ एकेक. आईंची साखर आट दिवसात उतरली की ताई. आमाला वाटलं झाडपाला हाय, त्येनं काय अपाय हुतोय."

"किती दिवस घेतली? कधी बंद केली?"

"बंद कुटं केली. आपरेशनदिवशी सकाळीबी दिली म्हनत व्हते. दोन. साखर वाढली की पुन्यांदा रद्द करतील म्हनून."

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ते मी आधी नुसतं म्हणत होते. त्या दिवशी मला ती पायापासून वर चढताना कळली. मी दार ढकलून आत गेले. दादाच्या हातात पेन होतं. तो सही करत होता. आपल्या आईचं पोट फाडायच्या कागदावर तो सही करायला तयार होता, पण पुडीचं नाव तोंडातून काढायला तयार नव्हता.

"पेन ठेव खाली," मी म्हणाले.

"काय झालं?"

"पेन ठेव. पुडीत काय व्हतं?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. मी ओरडले. दवाखान्यात ओरडू नये हे मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, आणि त्या खोलीत मी अशी ओरडले की बाहेरचे नातेवाईक उठून उभे राहिले. "आईचं पोट फाडाया निगालेत दादा! तुझ्या तोंडाला काय झालंय?"

डॉक्टरीणबाईंनी मला गप्प केलं नाही. त्यांनी दादाला विचारलं, "पुडी आहे का कुठं? घरी असेल तर फोटो मागवा."

आणि दादानं शर्टाच्या खिशात हात घातला. वरच्या खिशात, शाळेच्या ओळखपत्रामागं, वर्तमानपत्राच्या कागदाची घडी. तीन पुड्या. कालपासून त्या त्याच्या छातीवर होत्या. लॅक्टेट चार होतं तेव्हा होत्या, आठ झालं तेव्हा होत्या. डॉक्टर समोर बसून "काही गोळी?" विचारत होत्या तेव्हाही तिथंच होत्या. आई शुद्धीवर आली की परत चालू करायच्या म्हणून त्यानं त्या बरोबर आणल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी एक पुडी उघडली. तपकिरी भुकटी, आणि बारकाईनं पाहिलं तर मधे मधे पांढरे कण. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावतील या भीतीनं आमच्या घरानं तीन महिने एवढा उद्योग केला होता, आणि त्यांनी फक्त विचारलं, "शेवटची कधी दिली? किती?" दादानं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आठ दिवसांत साखर अशी उतरवणारी भुकटी नुसत्या मुळीची नसते. साखरेच्या गोळ्या कुटून त्यात घातलेल्या असतात, हे आम्ही पाहिलेलं आहे. तसं असेल तर आतडं ठीक असेल. ते औषधच अंगात साठलंय आणि किडनी ते बाहेर टाकत नाहीये. आपण आधी डायलिसिस करू. पोटाच्या सर्जनना थांबायला सांगते, पण जवळच थांबायला सांगते."

त्या गेल्या. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. दादा म्हणाला, "मला वाटलं, खोटं बोललो हे कळलं तर त्या तिला आहे तशी सोडून देतील. योजनेतनं काढून टाकतील."

"कुणी सांगितलं तुला?"

"असंच असतंय," तो म्हणाला. "कागदात खोटं सापडलं की फाईल बंद."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे तो. मला सायकल शिकवली त्यानं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण त्या दिवशी मला ते दात पाडावेसे वाटत होते. त्यानं आईला फाईल समजलं होतं. आणि मी तरी कुठं वेगळी होते? मी तिला आकडा समजले होते. चांगला आला म्हणून सही करून मोकळी झाले.

डायलिसिस दुपारी दीडला सुरू झालं. त्यानंतर मी दर दोन तासांनी काचेच्या दारापाशी जाऊन फक्त आकडा विचारत होते. दुपारी तीनला अकरा. तेव्हा मी मनात सगळ्यांना शिव्या दिल्या, त्या पुडीवाल्याला, दादाला, वहिनीला, सुईची भीती घालणाऱ्या सबंध गल्लीला, आणि भिंतीकडं तोंड करून पडलेल्या आईलासुद्धा. पाचला नऊ पूर्णांक दोन. सातला साडेसहा. सात वाजता डॉक्टरीणबाई पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, पोट मऊ आहे, उघडायची गरज दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅक्टेट दोनच्या आत आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या घशातली नळी काढली.

वॉर्डात आणल्यावर मी तिच्यावरही चिडले. वाट बघायला हवी होती, बघितली नाही. "मला सांगायचं न्हाय का आई? म्या रोज हेच काम करते. मला एकदा तरी सांगायचंस."

तिचा आवाज नळीनं बसला होता. म्हणाली, "त्याला बोलू नकोस. म्याच म्हनले व्हते तुला सांगू नको. तू रिपोर्ट बघून लई खूश झाली व्हतीस. तुझं त्वांड बघून सांगावं वाटंना."

मी तिची चादर नीट केली आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

आईला घरी आणून दोन महिने झाले. इन्सुलिन आता मी टोचते, सकाळी लॅबला जाताना आणि संध्याकाळी येताना. दादाशी मी कामापुरतं बोलते. तो शाळेतून येताना आईसाठी ताक आणतो, माझ्यासमोर ठेवत नाही, वहिनीच्या हातात देतो. पुड्यांपैकी एक मी जपून ठेवली आणि औषधांच्या कार्यालयात अर्ज केला. तिथं म्हणाले, पुडीवर नाव नाही, पत्ता नाही, पावती नाही, कुणावर कारवाई करायची? अर्ज ठेवून घेतला.

मग एका रविवारी मी बसनं येडशीला उतरले, तिथून ऑटो करून त्या बाजारात गेले. कशाला गेले, मला सांगता येत नाही. त्या माणसाला बघायचं होतं. भांडायचं होतं. गोणपाटावर मुळ्या मांडून तो बसला होता, पन्नाशीचा, स्वच्छ पांढरे कपडे, बोलायला गोड. पुढं दहा-बारा माणसं. त्यातली दोन-तीन तोंडं माझ्या ओळखीची, माझ्याच लॅबमध्ये साखर तपासायला येणारी. मी सरळ पुढं गेले आणि मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. माझ्या आईला यानं पुडी दिली. यात मुळी नाही, कुटलेल्या गोळ्या आहेत. तिचं रक्त आंबलं, किडनी बंद पडली, डायलिसिसवर घालावं लागलं, मरता मरता वाचली. घेऊ नका.

लोक ऐकत होते. एक म्हातारी म्हणाली, "आगं बाई." पुडीवाला चिडला नाही. त्यानं विचारलं, "आई कोन म्हनायच्या, ताई? कळंबच्या का? साळंत खिचडी करायच्या त्या?" आणि मागच्या पिशवीतून त्यानं एक कागद काढला. प्लास्टिकमध्ये घट्ट बसवून घेतलेला. आमच्या लॅबचा रिपोर्ट. उपाशीपोटी एकशे आठ. खाली माझी सही.

"म्या मागितला न्हवता," तो लोकांकडं बघून म्हणाला. "म्हातारी स्वता दम खात आली. म्हनली, बाबा, ह्यो लोकांना दावत जा. माझ्या लेकीनं तपासलाय. माझी लेक कवा खोटी सही करायची न्हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. व्हॉल्व्ह अरुंद झालेली, चार पावलं चालून भिंत धरणारी माझी आई बस बदलून इथं आली होती, हा कागद द्यायला. मी तो ओढून घ्यायला हात पुढं केला, पण त्यानं तो आधीच पुढच्या बाईच्या हातात दिला होता. ती चाळिशीची असेल, कडेवर नातू. तिनं कागद वरखाली पाहिला, माझ्याकडं पाहिलं.

"ही सही तुमचीच का, ताई?"

"माझीच. पण ऐका, त्यानंतर—"

"ते आपरेशनातलं झालं असंल," मागून कुणीतरी म्हणालं. "डाक्टर काय, झाडपाल्यावरच ढकलत्यात."

"थांबा की," बाई मागच्याला म्हणाली. ती खरंच मला विचारत होती, तिला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. "ताई, एवढंच सांगा. ह्यो रिपोर्ट खोटा हाय का?"

खोटा आहे म्हणाले असते तर ती निघून गेली असती. दोनच अक्षरं बोलायची होती. लॅबमध्ये रोज सकाळी लोक माझ्याशी याहून मोठं खोटं बोलतात आणि त्यांची जीभ अडखळत नाही.

"न्हाय," मी म्हणाले. "रिपोर्ट खरा हाय."

तिनं मान हलवली, नातू दुसऱ्या कडेवर घेतला आणि पुडीवाल्याला म्हणाली, "दोन महिन्याच्या द्या."